चुना, बुबुळ आणि पेन्सिलीच्या खुणा

‘चुना लावला रे त्यानं!’ होस्टेलवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतं. मेसमध्ये पनीरच्या नावाखाली बटाटा आला की चुना लावला. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात दोन पानं कमी निघाली की चुना लावला. पण खराखुरा चुना, म्हणजे टपरीवर तंबाखूबरोबर मिळणारी ती इवलीशी पुडी, कुणाच्या डोळ्याला लागली तर काय होतं, यावर आपण कधी बोलत नाही. मित्रांनो, हा लेख त्या चुन्याबद्दल आहे. आणि तुम्हाला नवल वाटेल, पण तो आरएनएबद्दलही आहे.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगतो. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात पुढे जी बिघाडाची मालिका सुरू होते, तिच्यामागे आरएनएवरच्या रासायनिक खुणांचा हात आहे, असं गेल्या काही वर्षांत उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसू लागलं आहे. हे संशोधन बहुतेक चीनमध्ये झालं. आणि तो चुना मात्र आपल्या भिंगारच्या टपरीवर, आपल्या खिशात आणि आपल्या शेतावरच्या कोपीत आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनीच त्यावरचे प्रश्न विचारायला हवेत, रेणूच्या पातळीवरचे आणि नळाच्या पातळीवरचेसुद्धा. हे दोन्ही प्रश्न इंजिनियरिंगच्या मुलांच्या आवाक्यातले आहेत, असं मला वाटतं.

आता चुना म्हणजे काय ते बघू. शाळेत शिकलेलं आठवा. चुनकळीत पाणी घातलं की फसफसून वाफा निघतात आणि विरी गेलेला चुना तयार होतो. तंबाखूच्या पुडीतला चुना हा असा आधीच विरलेला असतो. त्याचा सामू साधारण साडेबारा, म्हणजे चांगलाच तीव्र अल्कली. डोळ्यात आम्ल गेलं तर ते पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थराची थोडीफार आडकाठी तयार होते. अल्कलीचं तसं नाही. ते पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करतं आणि वाट काढत आत आत जातं. शिवाय चुन्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून बसतात आणि तिथून झिरपत राहतात. म्हणून डोळा वरवर धुतला, आग कमी झाली, आता बरं आहे, असं म्हणून झोपलेला माणूस सकाळी पांढरट डोळा घेऊन उठू शकतो.

हे लहान मुलांच्या बाबतीत जास्त घडतं. पुडी पातळ प्लॅस्टिकची, आतला चुना मऊ. पोराला ती खेळणं वाटते. तो दोन्ही हातांनी दाबतो आणि पुडी फुटते ती थेट तोंडाच्या दिशेने. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी मुलांच्या डोळ्यांच्या रासायनिक इजांमध्ये या चुन्याच्या पुड्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा केला आहे. आपल्या जिल्ह्यापुरता विचार करा. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. भिंगारवरून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्यात भांडी, कोयते, शेळी आणि पोरंबाळं सगळं एकत्र असतं. आई-बाप फडात असतात, पोरं कोपीशी असतात आणि बापाची चंची तिथेच टांगलेली असते. जवळचं डोळ्याचं हॉस्पिटल कितीतरी मैल लांब. इथे एका पुडीची किंमत काय होते, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता डोळ्याच्या पृष्ठभागाकडे वळू. बोलीत आपण ज्याला बुबुळ म्हणतो, त्याच्या पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यावर पाच-सात थरांचं पातळ आवरण असतं आणि ते साधारण आठवड्या-दहा दिवसांत पूर्ण नवं होतं. ज्या मूळ पेशींतून हे आवरण तयार होतं, त्या काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, लिंबस नावाच्या कडेवर राहतात. या काचेत एकही रक्तवाहिनी नसते, म्हणूनच ती पारदर्शक राहते. तिचा खाऊपिऊचा खर्च अश्रू आणि आतलं पाणी भागवतं.

चुना कडेवरच्या मूळ पेशी जाळतो. पेशी गेल्या की आवरण नवं होत नाही. कडेची राखण संपली की बाजूच्या पांढऱ्या भागातून रक्तवाहिन्या आत घुसतात आणि काच धुरकट होते. आपल्याकडचे म्हातारे म्हणतात, ‘डोळ्यात फूल पडलं.’ फूल पडण्याची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक हे. अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया नुसता बसवला तर तो बऱ्याचदा टिकत नाही, कारण त्याला नवं आवरण पुरवणारी नर्सरीच जळून गेलेली असते.

मग यात आरएनए कुठून आलं? मेडिकलला न गेलेल्या माझ्यासारख्यांसाठी ही गोष्ट होस्टेलच्या भाषेत सांगतो. लायब्ररीतलं जाड रेफरन्स बुक म्हणजे डीएनए. ते बाहेर न्यायला परवानगी नाही. त्यातल्या हव्या त्या धड्याची झेरॉक्स काढून रूमवर आणायची, ती झेरॉक्स म्हणजे एमआरएनए. पेशी ती वाचून प्रथिनं बनवते. इथपर्यंत बारावीला झालंय. पण परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ती झेरॉक्स कशी वाचतो? कुणा हुशार सिनियरने पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. इथे ‘व्हीआयएमपी’, तिथे ‘ऑप्शनला टाक’, एखाद्या पानावर सरळ ‘फेकून दे’. मजकूर तोच, पण कोणतं पान किती वेळा वाचायचं आणि कोणतं कचऱ्यात टाकायचं हे खुणांवर ठरतं. आरएनएवरचे रासायनिक बदल म्हणजे अशाच खुणा. अशा दीडशेहून जास्त खुणा आजवर माहीत झाल्या आहेत.

त्यातली एमआरएनएमधली सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली खूण म्हणजे एम-सिक्स-ए. ‘ए’ या अक्षरावर मिथाइलचा एक छोटासा गट चिकटवलेला. ही खूण 1974 सालीच सापडली होती, पण पुढे अनेक वर्षं तिच्याकडे फारसं कुणी वळलं नाही. 2011 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या चुआन हे यांच्या गटाने दाखवलं की एफटीओ नावाचं एन्झाइम ही खूण पुसू शकतं. म्हणजे खूण पक्क्या शाईची नव्हती, पेन्सिलीची होती! मग चित्र स्पष्ट झालं. खूण करणारी पेन्सिल, मुख्यतः मेट्टल-3. खोडणारे रबर, एफटीओ आणि अल्कबी-एच-5. आणि खुणा वाचून अंमल करणारी वेगळी प्रथिनं. त्यातलं वायटीएच-डीएफ-2 हे खूण दिसली की ते पान कचऱ्याच्या टोपलीकडे पाठवतं.

आता चुन्याकडे परत. प्रयोगशाळेत कॉर्नियातल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करायचा तर उंदराच्या डोळ्याला अल्कलीने इजा करतात, ही नेहमीची पद्धत आहे. म्हणजे आपल्या कोपीतल्या पोराला जे अपघाताने होतं, त्याचीच मोजून केलेली नक्कल. 2020 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की रक्तवाहिन्यांच्या पेशींतली मेट्टल-3 ही पेन्सिल काढून घेतली तर अशा डोळ्यात नव्या रक्तवाहिन्यांची वाढ कमी होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात एफटीओ हे रबर रक्तवाहिन्या घुसलेल्या कॉर्नियात वाढलेलं दिसलं आणि ते दाबलं तरी रक्तवाहिन्यांची वाढ मंदावली. 2021 मध्ये आणखी एका गटाने लिंबसच्या मूळ पेशींतून मेट्टल-3 काढून पाहिलं, तर उंदरांच्या कॉर्नियाची जखम लवकर भरली.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, पेन्सिल काढली तरी फायदा आणि रबर काढलं तरी फायदा, हे कसं काय? प्रश्न बरोबर आहे. खूण कोणत्या पानावर आहे, कोणत्या पेशीत आहे आणि वाचणारा कोण आहे यावर परिणाम बदलतो. सगळ्या खुणा चांगल्या किंवा सगळ्या वाईट असं काही नाही. शिवाय मेट्टल-3 शरीराला हवंच असतं. ते अजिबात नसलेले उंदराचे गर्भ जन्मापर्यंत पोहोचतही नाहीत. तेव्हा उद्या डोळ्यासाठी औषध करायचं तर ते थेंबातून, ठरावीक दिवस आणि ठरावीक पेशींपुरतं द्यावं लागेल. मेट्टल-3 रोखणारं एक औषध कर्करोगासाठी माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं आहे. डोळ्याच्या पृष्ठभागासाठी मात्र ही गोष्ट अजून उंदरांपाशीच आहे. कुणी ‘आरएनए ड्रॉप्स’ विकायला आलं तर तोच खरा चुना समजा.

खुणांचा उपयोग होतो हे मात्र जगाने पाहिलेलं आहे. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइजमन यांनी 2005 मध्ये दाखवलं की बाहेरून दिलेल्या आरएनएतलं एक अक्षर थोडं बदललं तर शरीर त्यावर चिडून हल्ला करत नाही. याच पायावर फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लसी उभ्या राहिल्या आणि 2023 चं नोबेल या दोघांना मिळालं. आपल्याकडे पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती अशा प्रकारची देशातली पहिली लस. पुणे आपल्यापासून एकशेवीस किलोमीटरवर, एसटीने तीन तासांचा रस्ता. आरएनए बनवणं, ते चरबीच्या थेंबात बंद करणं, थंड ठेवणं, हे सगळं करणारी माणसं तिथे आहेत. त्यात केमिकलवाले आहेत, इन्स्ट्रुमेंटेशनवाले आहेत. म्हणजे हा विषय आपला नाही, असं म्हणून कुणी हात झटकू नयेत.

आणि आपल्या मातीतला प्रश्न घेतला की उत्तरही वेगळं निघतं, याचं उदाहरण डोळ्याच्या याच आजारात आहे. 1997 मध्ये इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवून जळलेल्या डोळ्यावर लावल्या. काम थोर, पण त्यासाठी महागडी, निर्जंतुक प्रयोगशाळा हवी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. विरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेवरून दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे आणि वारेच्या पडद्यावर ठेवून जळलेल्या डोळ्यावर चिकटवायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात, वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही. शेतात रोपांची लावणी करतो तसंच म्हणा ना! चुन्याने आणि रसायनांनी भाजलेले पेशंट रोज दारात येत होते, म्हणून ही पद्धत तिथे सुचली असावी, असं मला वाटतं. अर्थात, तिच्यासाठी एक डोळा शाबूत लागतो. दोन्ही जळले तर दुसऱ्याच्या पेशी घ्याव्या लागतात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधं चालू ठेवावी लागतात.

रूमवर हा विषय काढला तेव्हा दोन प्रकारची मतं आली. पहिलं मत असं, ‘अरे, आरएनए वगैरे चोचले सोड. लोकांना डोळा धुवायला पाणी नाही आणि तू मिथाइलच्या गोष्टी करतोस.’ दुसरं मत, ‘चुनाच बंद करा, प्रश्न मिटला.’ दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. त्यानंतर टपऱ्यांवर काय काय मिळत आलं, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. बरं, चुना पानाला लागतो आणि भिंतीलाही लागतो. तो बंद होणार नाही.

पहिल्या मतातली तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आपण मशीनचं फेल्युअर शिकतो तेव्हा काळानुसार टप्पे पाडतो ना? इथेही पाडा. पहिली काही मिनिटं पाण्याची. ती हुकली तर पुढचे दिवस दाह आवरण्याचे, डॉक्टरांचे. पुढचे आठवडे आणि महिने रक्तवाहिन्यांच्या घुसखोरीचे, आणि आरएनएवरच्या खुणांचं संशोधन इथे कामाला येऊ शकतं. त्यापुढची वर्षं मूळ पेशींच्या लावणीची. प्रत्येक टप्प्यावर वाचवण्यासारखं काहीतरी शिल्लक असतं. ज्या पोराच्या डोळ्यात पाणी वेळेवर पडलं नाही, त्याला ‘पाणी हेच औषध’ असं सांगून काय उपयोग? त्याच्यासाठी कुणीतरी रेणूंवर काम करायलाच हवं. आणि रेणूवर काम करणाऱ्याने नळाकडे बघायचंच नाही, असं कुठे लिहिलंय?

म्हणून आता नळाकडे बघू. आपल्या कॉलेजबद्दल लिहितोय, रागावू नका. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आहे. सिव्हिलच्या लॅबमध्ये सिमेंट आहे आणि ओलं सिमेंटही चुन्याइतकंच अल्कली असतं. फर्स्ट एडची पेटी भिंतीवर आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली ऑफिसात आहे. वर्कशॉपमधले गॉगल इतके ओरखडलेले आहेत की ते घातल्यावर जॉब दिसत नाही, म्हणून कुणी घालत नाही. डोळे धुण्यासाठी वेगळा नळ कुठेच नाही. यासाठी अमेरिकेत एक मानक आहे. डोळे धुण्याची सोय दहा सेकंदांच्या अंतरावर असावी आणि मिनिटाला दीड लिटरप्रमाणे पंधरा मिनिटं पाणी मिळावं. गुणाकार करा, साडेबावीस लिटर होतात. मेसमधल्या पाण्याच्या जारपेक्षा थोडंच जास्त! बेसिनवर एक छोटी टाकी, दोन तोट्या आणि पायाने दाबायचा पेडल एवढं मेकॅनिकलच्या सेकंड इयरची मुलं दोन शनिवारांत करतील.

आणि डोळ्यात चुना गेलाच तर काय करायचं, हे सगळ्यांनी पाठ करा. ओरल्सला विचारणार नाहीत, पण उपयोगी पडेल. डोळा चोळायचा नाही. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने लगेच धुवायला लागायचं. दुसऱ्याने पापण्या उघड्या धरायच्या, डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायला सांगायचं आणि निदान वीस-तीस मिनिटं पाणी घालत राहायचं. ‘चुन्यावर पाणी टाकलं की उकळतं’ ही भीती चुनकळीची आहे. कोरडी चुनकळी उडाली तर आधी सुके कण हलकेच झटकून टाका आणि मग भरपूर पाणी. पुडीतला चुना विरलेलाच असतो, तिथे थांबायचं कारण नाही. लिंबू, व्हिनेगर घालून अल्कली मारायला जाऊ नका. तूप, मध, गुलाबपाणी, दूध काहीही नको. मग थेट डोळ्याच्या डॉक्टरांकडे, आग थांबली असली तरी. पापणी उलटून अडकलेले कण त्यांनाच काढता येतात. जाताना पुडी बरोबर न्या.

शेवटची गोष्ट फायनल इयरच्या प्रोजेक्टची. दर वर्षी लाइन फॉलोअर रोबो आणि तेच ते जुने प्रोजेक्ट नवं कव्हर लावून जमा होतात. त्याऐवजी चुन्याची पुडी का घेऊ नये? दाबल्यावर तोंडाच्या दिशेने न फुटता बाजूने हळू झिरपेल असा सांधा, किंवा पोराच्या बोटांना उघडणार नाही अशी स्वस्त डबी, आणि वर वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं डोळ्याचं चित्र. किती दाबाला पुडी फुटते, चुना किती लांब उडतो, हे मोजायला आपल्या लॅबमधली यंत्रं पुरेशी आहेत. हे मोजमाप कागदावर आलं तर उद्या एखाद्या अधिकाऱ्यापुढे ठेवता येईल, एखाद्या उत्पादकाला दाखवता येईल. आणि ज्यांना रेणूंची ओढ आहे त्यांनी पुण्याला जाऊन आरएनएवर काम करणाऱ्यांची दारं ठोठवावीत आणि सरळ विचारावं, आमच्याकडच्या चुन्याने भाजलेल्या डोळ्यांतल्या खुणा कुणी वाचल्या आहेत का?

सरांना आणि मॅडमना एकच विनंती. पुढच्या टर्मचं बजेट ठरताना डोळे धुण्याच्या नळाची एक ओळ त्यात घाला. आणि तोपर्यंत फर्स्ट एडच्या पेटीचं कुलूप तेवढं काढून टाका.